स्नेअरला वेगळ्या कंपनीचं हेड घातलं. ठेवू की काढू?

विश्रामबाग_ड्रमर (धागा सुरू केला)

नमस्कार मंडळी. मी सांगलीत ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो, नऊ वर्षं झाली. स्नेअर, म्हणजे सेटमधला खाली तारा लावलेला ड्रम, १४ इंची, साडेपाच इंच खोलीचा, स्टीलचा, दहा बोल्टांचा. आजवर त्यावर एकच हेड (ताणून बसवतात ते प्लास्टिकचं पान) घातलं, रेमो कंपनीचं कोटेड अँबॅसडर. खराब झालं की पुन्हा तेच आणायचं, दुसरा विचारच नाही.

गेल्या आठवड्यात दुकानात गेलो तर ते शिल्लक नव्हतं. दुकानदार म्हणाला, "इव्हान्सचं जी-वन कोटेड न्या. तेही एकपदरी, तेही दहा मिलचंच." गणपतीआधी तीन कार्यक्रम धरलेत, थांबायला वेळ नव्हता. घेतलं, रात्री बसवलं.

आवाज वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण तो माझा नाही. आधी मधोमध मारलं की भरीव "ठप्" यायचा. आता ठोक्याच्या मागं "ईंग" अशी शेपटी राहते. अगदी हळू वाजवलेले बारीक ठोके तारांपर्यंत पोचत नाहीत. काठीची उडीसुद्धा वेगळी लागते, त्यामुळं रोल वाजवताना डावा हात मागं पडतोय.

कंपनी बदलून कुणी टिकलंय का? की सगळे फिरून जुन्यावरच येतात? शनिवारी माधवनगरला कार्यक्रम आहे, म्हणून जीव वरखाली होतोय.

---

नाद_एकच

रेमो काढून रेमोच घालायचं असतं भावा. कोल्हापूरला फोन कर, एसटीनं उद्या येईल.

---

कऱ्हाडचा_ठेका

थांब, आधी एकच सांग. खालचं हेड शेवटचं कधी बदललंस?

---

साउंड_सातारा

मी मिक्सरमागं उभा राहणारा माणूस, वाजवणारा नाही. पण बारा वर्षं लोकांच्या स्नेअरपुढं माइक लावतोय, म्हणून बोलतो.

पहिली गोष्ट, तू हे हेड ऐकलंस कुठं? घरातल्या खोलीत ऐकलं असशील तर निकाल देऊ नकोस. दहा बाय बाराच्या खोलीत, फरशी आणि उघड्या भिंतींत, तुझी ती शेपटी चौपट मोठी ऐकू येते. तोच स्नेअर मंडपात, समोर बेस गिटार आणि कीबोर्ड चालू असताना वाजव. शेपटी गायब होते. उलट घरी ज्यांचा स्नेअर "मस्त कोरडा" वाटतो, त्यांचा स्टेजवर पुठ्ठ्यासारखा लागतो आणि मग मला मिक्सरवर काहीतरी करत बसावं लागतं. शेपटी असेल तर मी कमी करू शकतो. नसलेला आवाज कुठून आणू?

दुसरी गोष्ट, हेड कुठल्या कंपनीचं हे मला तिकडून ओळखू येत नाही. जुनं की नवं, आणि सगळे बोल्ट सारखे आवळलेत की नाहीत, हे मात्र पहिल्या चार ठोक्यांत कळतं.

---

नाद_एकच

साउंडवाल्या दादांना ओळखू येत नसेल, आम्हाला हाताला कळतं. पंधरा वर्षं एकच हेड वाजवलंय.

---

साउंड_सातारा

हाताला कळतं हे मला मान्यच आहे. मी फक्त कानाचं सांगितलं.

---

कोयनाकाठ

मी पाटणचा, शिकतोय अजून. हे मिल मिल काय असतं कुणी सांगेल का?

---

कऱ्हाडचा_ठेका

@कोयनाकाठ मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दहा मिल म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. वर मारायचं साधं एकपदरी हेड दहा मिलचं असतं. रेमोचं एम्परर, इव्हान्सचं जी-टू ही दोनपदरी, सात-सात मिलचे दोन थर. ती जास्त दणकट आणि आवाज थोडा जाड, पण बारीक ठोक्याला तेवढी चटकन उठत नाहीत. आणि स्नेअरच्या खालचं हेड साधारण तीनच मिलचं असतं, दुधाच्या पिशवीसारखं पातळ. ते थरथरलं तरच तारा वाजतात.

विश्रामबागवाले अजून उत्तर देत नाहीत. मला काय उत्तर येणार ते दिसतंय.

---

मिरज_जवारी

ऑर्केस्ट्रातलं मला फार कळत नाही. आमच्या गल्लीत सतारी बनतात, लहानपणापासून तेच बघितलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते. तरी या धाग्यावर बोलावंसं वाटलं, कारण हा प्रश्न आमच्याकडं रोज येतो, फक्त वाद्य वेगळं.

माणूस तानपुरा घेऊन येतो आणि म्हणतो, तारा बदलल्या, कंपनी बदलली, आता आवाज बसलाय. कारागीर तारांकडं बघतच नाही. तो घोडीवर बोट फिरवतो. तार घोडीच्या सपाट पाठीवर कुठं टेकते आणि कुठं सुटते, यावर सगळा झंकार, आमच्या भाषेत जवारी, अवलंबून असतो. कानशीचा एक हात जास्त पडला तरी तानपुरा मुका होतो. जुन्या तारांनी घोडीवर चर पाडलेले असतात. नवी तार त्या चरात बसते आणि माणूस तारेला दोष देतो.

शेजारच्या मुलाचा ड्रम सेट आहे. त्यानं मला एकदा उघडून दाखवला होता. डब्याची कड, जिच्यावर ते प्लास्टिक टेकतं, ती बघून मला घोडीच आठवली. आणि खालच्या तारांची झणझण म्हणजे जवारीच की. तेव्हा वरचं प्लास्टिक बाजूला ठेवून ते कुठं टेकतंय आणि खाली काय चाललंय ते आधी बघा, असं मला वाटतं. चुकत असेन तर सांगा.

---

कऱ्हाडचा_ठेका

@मिरज_जवारी काका, चुकत नाही तुम्ही. तीस वर्षं वाजवतोय, मला हे इतकं नीट सांगता आलं नसतं.

---

विश्रामबाग_ड्रमर

खालचं हेड... स्नेअर घेतला तेव्हापासून तेच आहे. नऊ वर्षं. ते फाटत नाही म्हणून कधी हातच लावला नाही.

---

नाद_एकच

नऊ वर्षं!!! आता मीही रेमोचं नाव घेत नाही. आधी ते बदल.

---

कऱ्हाडचा_ठेका

वाटलंच होतं. आता सविस्तर लिहितो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मीही कितीतरी वर्षं असंच केलं.

खालच्या हेडला काठी लागत नाही, म्हणून ते म्हातारं होत नाही असं आपल्याला वाटतं. पण तारा त्याच्यावर वर्षानुवर्षं आपटत असतात. ते उन्हात उजेडाकडं धरून बघ. तारांच्या टोकांच्या पट्ट्या जिथं टेकतात तिथं बारीक वळ दिसतील. शिवाय प्लास्टिक ताणून ताणून थकतं, मग कितीही आवळलं तरी उठत नाही. वर नवं हेड घातलं की वरचा आवाज एकदम मोकळा होतो आणि खालचा थकवा उघडा पडतो. तुझ्या बारीक ठोक्यांना तारा उत्तर देत नाहीत त्याचं कारण हेच, मी पैजेवर सांगतो.

आता बसवताना:

तारा सोड, खालची रिम (हेड दाबून धरणारं कडं) काढ, कड कोरड्या फडक्यानं पूस. कडेला समोरासमोर दोन जागी हलकासा उतार दिसेल, तारा तिथून जातात. तो मुद्दाम केलेला असतो, दोष नाही. नवं हेड ठेवलं की त्या दोन जागी सुरकुती पडेल. घाबरू नकोस, आवळताना जाते.

सगळे बोल्ट आधी नुसत्या बोटांनी, जमतील तेवढे. मग चावीनं अर्धा फेरा, आणि नेहमी समोरासमोर. एकाच बाजूनं गोल फिरत आवळलंस तर हेड तिरकं बसतं आणि जन्मभर तिरकंच राहतं. वरच्या हेडला मधोमध तळहातानं दाबून बसवतात तसं खालच्याला करू नकोस, फाटेल. दोन-तीन फेऱ्यांनंतर प्रत्येक बोल्टपासून दीड इंच आत बोटानं टिचकी मारत फिर आणि सूर जुळव. खालचं वरच्यापेक्षा जास्त ताणलेलं ठेव. अंगठ्यानं दाबलं तर जेमतेम खाली जावं, इतकं.

तारा लावताना दोन्ही टोकं कडेपासून सारख्या अंतरावर हवीत. आणि तारा कमी आवळ. आपल्याकडं सगळे तारा गळा दाबल्यासारख्या आवळतात.

---

कोयनाकाठ

दादा, माझ्या मोठ्या भावानं खाली वरचंच जाड हेड बसवलं होतं, दोन्हीकडं सारखं दिसतं म्हणून. आम्ही महिनाभर म्हणत होतो की तारा खराब आहेत. दोनदा तारा आणल्या.

---

कऱ्हाडचा_ठेका

दहा मिल खाली घातलं की हळू ठोक्याला तारा हलणारच नाहीत, जोरात मारलं की नुसता टिमकीसारखा आवाज. भावाला म्हणावं काळजी करू नको, हे पुष्कळांनी केलंय. जाड हेड वर वापर, फुकट जात नाही.

---

पाचगणी_सरगम

मी शाळेत संगीत शिकवते, बँडची मुलंही माझ्याकडंच आहेत. थोडं विषयांतर करते.

आमच्या भांडारात एक फार जुना साइड ड्रम आहे, खऱ्या कातड्याचा, दोऱ्यांनी ताणायचा. जून ते सप्टेंबर तो वाजतच नाही. पाचगणीचं धुकं खिडकीतून आत येतं, कपाटातल्या वह्या ओल्या होतात, तिथं कातड्याची काय कथा. सकाळी ताणला की दुपारी सैल. मार्चमध्ये उलट, इतका कडक होतो की रात्री दोर सैल करून ठेवावे लागतात, नाहीतर तडकतो.

मुलांना मी तो ड्रम मुद्दाम हातात देते आणि मग प्लास्टिकच्या हेडची गोष्ट सांगते. जगभर सगळ्या ड्रमवाल्यांचं हेच रडगाणं होतं. १९५०च्या दशकात ड्यूपाँटची मायलर नावाची पॉलिएस्टर फिल्म आली, आणि अमेरिकेत दोन-तीन जण जवळजवळ एकाच सुमाराला त्याची हेड बनवायला लागले. चिक इव्हान्स त्यातले एक. रेमो बेली यांनी १९५७ मध्ये कंपनी काढली. म्हणजे तुम्ही ज्या दोन नावांवर इथं बोलताय ती दोन्ही एकाच गरजेतून आली, पावसात ड्रम वाजावा म्हणून. आणि वरचं ते पांढरं खरखरीत कोटिंग कातड्यासारखा स्पर्श यावा, ब्रश घासला की आवाज यावा यासाठी. दोघांचं कोटिंग बोटाला वेगळं लागतं, त्यामुळं काठीचा स्पर्श वेगळा वाटणं साहजिक आहे. तो भ्रम नाही. पण आठ-दहा तास वाजवलं की हाताची तक्रार थांबते, हा माझा मुलांवरचा अनुभव.

---

वाईची_हलगी

बाई छान सांगितलंत. आमच्या हलगीला अजून जाळच लागतो. पावसात कागद, पाचट जे मिळंल ते पेटवायचं आणि हलगी शेकायची. बोटानं टिचकी मारत राहायची, आवाज वर चढत जातो, आणि एका क्षणाला "टण्ण" असा येतो. तिथं थांबायचं. पुढं गेलं तर कातडं फाटतं. तो क्षण कुठल्या चावीनं येत नाही.

आता बऱ्याच जणांनी हलगीला, ताशाला प्लास्टिकचं पान घातलंय. पावसात चालतं हे खरं. पण मला तो आवाज कानात टोचतो. कातड्याला खोली असते.

---

नाद_एकच

काका एकदम बरोबर. पण मिरवणुकीत धो-धो पाऊस लागला की जाळ कुठं करणार?

---

वाईची_हलगी

म्हणून दोन ठेवतो. एक वाजते, एक पोत्यात गुंडाळलेली असते.

---

पोवईनाका_बँड

आमचं घर बँडवाल्यांचं, आजोबांपासून. कंपनी बदलताना एक मोठी अडचण कुणी लिहिली नाही, ती मापाची.

आजोबांचा प्रीमियरचा साइड ड्रम आहे, विलायती. वडिलांनी हौसेनं नवं १४ इंची हेड आणलं तर ते डब्यावर बसेचना, घट्ट. आम्ही ड्रमच वाकडा झालाय असं समजून बसलो. खूप वर्षांनी कळलं की त्या काळच्या प्रीमियरचं माप अमेरिकन मापापेक्षा किंचित मोठं असायचं, त्याला वेगळी हेड लागतात. उलट काही साध्या बनावटीच्या ड्रमवर चांगलं हेडसुद्धा सैल पडतं, एका बाजूला सरकून बसतं. म्हणून हेड बोल्ट न लावता नुसतं डब्यावर ठेवायचं आणि हातानं गोल फिरवायचं. अडखळत असेल किंवा एका बाजूला फट दिसत असेल तर ते हेड त्या ड्रमचं नाही, मग कंपनी कुठलीही असो.

विश्रामबागवाले, तुमच्या वरच्या हेडचं हे बघितलंत का?

---

विश्रामबाग_ड्रमर

बघितलं आत्ता. अलगद फिरतंय, चारी बाजूंनी सारखी जागा आहे. तो प्रश्न नाही. खालचं हेड उद्या आणतो.

---

एनसीसी_ड्रम

एक सल्ला. केव्हलारचं, म्हणजे त्या चिवट कृत्रिम धाग्याचं, हेड घाला. आम्ही परेडला तेच वाजवायचो, दगडासारखं कडक, प्रत्येक ठोका सुईसारखा वेगळा. फाटायचा प्रश्नच नाही.

---

कऱ्हाडचा_ठेका

नको. कृपा करून हे कुणी करू नका. परेडच्या ड्रमची रचनाच वेगळी असते. तो ताण डब्यावर न येता धातूच्या जाड सांगाड्यावर जातो. साध्या सेटच्या स्नेअरवर तेवढं आवळलं तर बोल्टाची घरं बाहेर ओढली जातात, रिम वाकते. माझ्या एका शिष्याचा स्नेअर असाच गेला, डब्याला भोकाजवळ चीर पडली.

---

एनसीसी_ड्रम

आमच्या ड्रमना कधी काही झालं नाही.

---

कऱ्हाडचा_ठेका

कारण ते ड्रम त्यासाठीच बनवलेले होते. पाइप बँडच्या ड्रमला तर वरच्या हेडखालीही तारा असतात, म्हणून इतकं कडक हेड असूनही झणझण येते. आपल्या स्नेअरला ती सोय नाही.

---

एनसीसी_ड्रम

हे माहीत नव्हतं. सल्ला मागे घेतो.

---

गावभाग

कडेचा विषय निघाला म्हणून लिहितोय. २०१९च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. माणसं आणि कागद आधी हलवले. ड्रम सेट माळ्यावर टाकला, पण स्नेअर खालीच राहिला. लाकडाचा होता, वडिलांनी दहावीनंतर घेऊन दिलेला.

पाणी उतरल्यावर गाळातून काढला. हेड धुतली, पुसली, दोन्ही शाबूत! प्लास्टिकला काही झालं नाही. मी खूश झालो. आवळायला लागलो तर सूर लागेचना. चार वेळा हेड बदलली, तीन कंपन्यांची. मग एका जाणत्यानं सांगितलं म्हणून दोन्ही हेड काढून डबा स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, ग्रॅनाइटवर पालथा ठेवला, आत मोबाइलची बॅटरी लावली आणि घरातले दिवे घालवले. कडेखालून तीन ठिकाणी उजेड बाहेर येत होता. एका जागी तर नाणं आत जाईल एवढी फट. लाकूड फुगून कड लाटेसारखी झाली होती.

तो स्नेअर मी टाकलेला नाही. वाजत नाही, पण आहे. ज्यांना कुठल्याच हेडचा सूर लागत नाही त्यांनी पैसे घालायच्या आधी हे ओट्यावरचं करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

---

मिरज_जवारी

@गावभाग तुमचा डबा घेऊन मिरजेला या. ड्रमची कड आम्ही कधी केली नाही, पण लाकूड घासून सरळ करणारे हात इथं आहेत. बघू तरी.

---

गावभाग

काका, दिवाळीनंतर नक्की येतो. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

---

विश्रामबाग_ड्रमर

शनिवार रात्र, आत्ताच माधवनगरहून आलो. सगळ्यांना सविस्तर सांगतो.

गुरुवारी तीन मिलचं खालचं हेड आणलं. जुनं काढून गच्चीवर उजेडात धरलं. कऱ्हाडच्या दादांनी सांगितलं होतं तसेच दोन वळ, पट्ट्यांच्या जागी. शिवाय मधोमध नखाएवढा खळगा, कधीतरी स्टँडचं टोक लागलं असणार. आणि एका बाजूनं ते पिवळट पडलंय. नऊ वर्षं मी वरच्या हेडवर पैसे घालत होतो आणि खाली हे होतं.

नवं बसवलं, समोरासमोर, टिचकी मारत. दोन सुरकुत्या पडल्या, गेल्यासुद्धा. तारा सैल केल्या. मग वरच्या हेडवर करंगळीच्या नखानं हलकेच खरवडलं. तारा बोलल्या! मी बायकोला हाक मारून ऐकवलं. ती म्हणाली, "पावसाचा पहिला शिडकावा पत्र्यावर पडतो तसा येतोय." अगदी तसाच येत होता.

शेपटी घरी अजूनही होती. साउंडवाल्या दादांचं ऐकून काहीच लावलं नाही, रुमाल नाही, टेप नाही. मंडपात दुसऱ्या गाण्यानंतर मी ती शोधत होतो, सापडली नाही. आमचा ढोलकीवाला मध्यंतरात येऊन विचारून गेला की स्नेअर नवा घेतलास का.

काठीची उडी मात्र अजून वेगळीच आहे, ते खोटं सांगणार नाही. रोलला डावा हात दोनदा अडखळला. मधोमध मारल्यावर आधीचा जो जाडपणा यायचा तो थोडा कमी आहे, त्याऐवजी कडेजवळ आवाज जास्त स्वच्छ येतो. त्यामुळं गझलेला हे हेड मला आवडलं, आणि लावणीला मला माझं जुनं हवं. गणपती होईपर्यंत हेच ठेवतो. मग रेमोचं घालून बघीन, पण आता खालचं नवं असताना. तेव्हाच खरी तुलना होईल. आत्तापर्यंत केली ती तुलना नव्हतीच.

---

नाद_एकच

लावणीला जुनंच हवं म्हणालास, तेवढ्यावर मी समाधानी. पण एक कबूल करतो, काल रात्री माझंही खालचं काढून बघितलं. आमच्याकडंही वळ आहेत.

---

साउंड_सातारा

गणपतीत सांगलीला दोन दिवस आहे. पहिल्या साउंड चेकला दोन्ही हेड घेऊन ये, एकाच माइकवर लागोपाठ ऐकू. मी पाठ करून उभा राहतो, कुठलं कधी वाजवलंस ते सांगू नकोस.

---

विश्रामबाग_ड्रमर

ठरलं. चावी दोन आणतो, बदलायला वेळ नको जायला.

---

कोयनाकाठ

दादा, तुमचं आधीचं वरचं रेमो टाकून दिलंत का? मला कुणीतरी सांगितलं की जुन्या हेडची इंचभर रुंद रिंग कापून वर ठेवली की घरी सराव करताना शेपटी कमी होते.

---

विश्रामबाग_ड्रमर

ठेवलंय रे, कपाटामागं आहे. सांगलीला आलास की घेऊन जा. कात्री धारदार वापर, आणि कापायच्या आधी वाटीनं नको, ताटानं गोल आखून घे.